टाके घातलेली गादी आणि एमआरआयमधली पांढरी रेघ

पत्र

आदरणीय डॉक्टरसाहेब, सादर नमस्कार. मी २४ वर्षांची असून नंदनवन भागात राहते. महाविद्यालयात असल्यापासून कबड्डी खेळते आणि सध्या पोलीस भरतीची तयारी करते आहे. दहा महिन्यांपूर्वी सरावात चढाई करताना माझा उजवा गुडघा पिळला आणि वाकलेलाच अडकून बसला. आतल्या बाजूची गादी, म्हणजे मेडियल मेनिस्कस, बादलीच्या कडीसारखी फाटल्याचे एमआरआयमध्ये निघाले. पंधरा दिवसांनी दुर्बिणीने शस्त्रक्रिया झाली आणि सर्जननी गादी काढून न टाकता टाके घालून शिवली. सहा आठवडे कुबड्या व पट्टा, नंतर फिजिओथेरपी, हे सगळे मी सांगितल्याप्रमाणे केले. आज गुडघा सुजत नाही, अडकत नाही. फक्त चार-पाच किलोमीटर धावल्यावर आतल्या बाजूला थोडे दुखते आणि दुसऱ्या दिवसापर्यंत थांबते. भरतीचा अर्ज भरण्याआधी खात्री असावी म्हणून गेल्या महिन्यात मी पुन्हा एमआरआय करून घेतला, तर अहवालात ‘आतील मेनिस्कसच्या मागील भागात ग्रेड ३ सिग्नल, खालच्या पृष्ठभागापर्यंत पोहोचणारा, फाट असण्याची शक्यता’ असे लिहून आले. अहवालाची झेरॉक्स सोबत पाठवत आहे. माझे सर्जन सध्या परगावी असल्यामुळे मी दुसरीकडे दाखवले. त्या डॉक्टरांनी अहवाल वाचून सांगितले, की टाके जुळलेले नाहीत, फाटलेला तुकडा काढून टाकू, दीड महिन्यात धावायला लागाल. बाबा म्हणतात, एकदाचे करून टाकू. आई म्हणते, धावणेच सोड. माझे टाके खरेच वाया गेले का? मी काय करावे?

एक वाचक, नंदनवन, नागपूर

उत्तर

तुमचे पत्र आणि सोबतची झेरॉक्स मी दोनदा वाचली. सर्वांत महत्त्वाचे ते आधी सांगतो: केवळ या एका कागदाच्या आधारावर तुम्ही तुमच्या गुडघ्याला पुन्हा हात लावू देऊ नका. हे मी तुम्हाला धीर देण्यासाठी लिहीत नाही. मी अस्थिरोगतज्ज्ञ नाही; माझा जन्म गेला तो याच शहरात आधी एक्स-रे आणि पुढे एमआरआय वाचण्यात. तुमच्या अहवालातल्यासारखी वाक्ये मी स्वतः शेकड्यांनी लिहिलेली आहेत, त्यामुळे ती लिहिताना लिहिणाऱ्याच्या समोर काय असते आणि काय नसते, हे मला नेमके ठाऊक आहे.

समोर असते ती फिल्म आणि तपासणीची चिठ्ठी. बहुतेक वेळा त्या चिठ्ठीवर ‘उजवा गुडघा, वेदना’ यापलीकडे काही नसते, आणि तुम्ही तर स्वतःहून तपासणी करून घेतलेली असल्यामुळे तेवढेही लिहिलेले असेल की नाही याची मला शंका आहे. तुमच्या अहवालात ‘पूर्वी शस्त्रक्रिया झालेली’ असा एकही शब्द नाही, टाक्यांचा उल्लेख नाही आणि जुन्या फिल्मशी तुलना केल्याची नोंदही नाही. याचा सरळ अर्थ असा, की अहवाल लिहिणाऱ्याने तुमचा गुडघा कधीही शस्त्रक्रिया न झालेला गुडघा म्हणून वाचला. तशा गुडघ्याच्या बाबतीत ते वाक्य अगदी बरोबर ठरले असते. तुमच्या बाबतीत ते खोटे नाही, परंतु त्यातून निघणारा निष्कर्ष चुकीचा असू शकतो, आणि हा फरक समजून घ्यायचा तर एमआरआयला गादी कशी दिसते हे थोडे खोलात जाऊन पाहावे लागेल.

निरोगी मेनिस्कस एमआरआयमध्ये काळाकुट्ट दिसतो. त्याच्या तंतूंची वीण इतकी घट्ट असते, की त्यातील पाणी जखडलेले राहते आणि त्याचा सिग्नल यंत्राला टिपता येण्याआधीच विरून जातो. या काळ्या त्रिकोणात कुठे पांढुरके दिसले तर त्याची प्रतवारी करतात: आतल्या आत ठिपक्यासारखे असेल तर ग्रेड १, आतच राहिलेली रेघ असेल तर ग्रेड २ आणि ती रेघ वरच्या किंवा खालच्या पृष्ठभागाला जाऊन भिडली असेल तर ग्रेड ३, म्हणजे फाट. ही प्रतवारी ज्यांच्यावर कधी शस्त्रक्रिया झाली नाही अशा गुडघ्यांसाठी आहे. टाके घालून जुळवलेल्या गादीला ती जशीच्या तशी लावता येत नाही, कारण फाटीच्या जागी जे भरून येते ती मूळची गादी नसते, तो व्रण असतो. व्रणाची वीण सैल आणि पाण्याचा अंश जास्त. त्यामुळे ज्या चित्रमालिकांमध्ये, म्हणजे टी१ आणि प्रोटॉन डेन्सिटीमध्ये, आम्ही एरवी फाट शोधतो, त्यांच्यातच व्रणही पांढरा दिसतो आणि तो फाटीच्याच वाटेने पृष्ठभागापर्यंत गेलेला असतो, कारण फाटही तिथपर्यंत गेलेली होती. इतवारीच्या कापडबाजारातून आणलेल्या लुगड्याला कसलेल्या रफूगाराने रफू केले, तरी ते कापड उजेडासमोर धरले की रफूची जागा ओळखू येते. ती ओळखू येते म्हणून कोणी लुगडे फाटले असे म्हणत नाही.

आता ही जखम भरते कशी, तेही पाहू. मेनिस्कसच्या बाहेरच्या कडेला, जिथे तो सांध्याच्या आवरणाला चिकटलेला असतो तिथे, रक्तवाहिन्या पोहोचतात. आतल्या धारदार कडेकडे मात्र रक्त जात नाही. १९८२ साली आर्नोझ्की आणि वॉरेन या अमेरिकी संशोधकांनी दाखवून दिले, की प्रौढ माणसाच्या आतील मेनिस्कसमध्ये या रक्तवाहिन्या रुंदीच्या जेमतेम १० ते ३० टक्के भागापर्यंतच शिरतात. सर्जन ज्याला लाल भाग आणि पांढरा भाग म्हणतात तो हाच भेद. बादलीच्या कडीसारखी फाट पुष्कळदा बाहेरच्या लाल भागात किंवा लाल-पांढऱ्याच्या सीमेवर असते, म्हणूनच ती शिवण्यालायक असते, आणि तुमच्या सर्जननी ती शिवली यावरून त्यांना जागा अनुकूल वाटली असावी. याच दोघांनी पुढच्या वर्षी कुत्र्यांवरील प्रयोगांतून दाखवले, की रक्तपुरवठा असलेल्या भागातली चीर साधारण १० आठवड्यांत तंतुमय व्रणाने भरून येते. त्या व्रणाचे मूळ गादीसारख्या ऊतीत रूपांतर व्हायला मात्र त्यापुढे कित्येक महिने लागतात. माणसाच्या गुडघ्यात तर ही पांढरी रेघ दोन-दोन वर्षे, काहींच्या बाबतीत दहा वर्षांनंतरही टिकून राहिलेली आढळली आहे, आणि ती माणसे चालत, धावत, खेळत होती. तुमचा एमआरआय शस्त्रक्रियेनंतर सुमारे साडेआठ महिन्यांनी झाला. त्या वेळी रेघ दिसली नसती तरच मला नवल वाटले असते.

हा धडा मला पुस्तकात मिळाला नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी एका तरुण खेळाडूच्या शिवलेल्या गादीच्या फिल्मवर मी ठामपणे ‘पुन्हा फाट’ असे लिहिले. त्याला अधूनमधून दुखत होते, त्यामुळे सर्जननी दुर्बीण टाकायचे ठरवले आणि मलाही शस्त्रक्रियागृहात बोलावून घेतले. पडद्यावर ती गादी दिसली. टाक्यांच्या रेषेवर फिकट गुलाबी, किंचित खडबडीत पट्टा होता. सर्जननी बारीक आकडी घेऊन त्या रेषेवर वरून, खालून, कडेने दाबून पाहिले. आकडीचे टोक कुठेही आत शिरेना आणि गादीची कड ओढली असता सगळी गादी एकसंध हलत होती. जखम भरलेली होती. त्याचे दुखणे वाटीच्या मागच्या कूर्चेचे निघाले. सर्जन मला काहीच बोलले नाहीत, फक्त ती आकडी आणखी एकदा त्या रेषेवरून हळूच फिरवून दाखवली. त्या दिवसानंतर शिवलेल्या गादीचा अहवाल मी चिठ्ठीवर फोन नंबर असल्यास सर्जनला फोन केल्याशिवाय लिहिला नाही.

तुमच्या पत्रातल्या प्रश्नाचा पुढचा भाग असा, की मग टाके खरोखर निकामी झाले असतील तर ते एमआरआयमध्ये कळतच नाही का? कळते, परंतु त्यासाठी पाहायच्या खुणा वेगळ्या असतात. टी२ मालिकेत व्रण काळवंडतो आणि सांध्यातले पाणी मात्र लख्ख पांढरे राहते. म्हणून टाक्यांच्या रेषेत पाण्याइतकीच पांढरी, वरून खालपर्यंत जाणारी रेघ टी२मध्ये दिसली तर द्रव फटीत शिरतो आहे, म्हणजे फट उघडी आहे, असा संशय घ्यायला जागा असते. गादीचा तुकडा जागेवरून सरकून सांध्याच्या मध्यभागी आलेला दिसला, तर त्यात संशयालाही वाव राहत नाही. आणि तिसरी खूण म्हणजे जिथे पूर्वी फाट नव्हती अशा नव्या जागी रेघ दिसणे, जी जुनी फिल्म शेजारी लावल्याशिवाय ओळखताच येत नाही. तुमच्या अहवालात टी२बद्दल अक्षर नाही, सरकलेल्या तुकड्याबद्दल नाही, आणि जुनी फिल्म तर तुम्ही नेलीच नव्हती. एवढे करूनही शंका उरली, तर सांध्यात विरळ केलेले गॅडोलिनियम, म्हणजे एमआरआयमध्ये उजळ दिसणारे औषध, सुईने सोडून एमआरआय करतात. फट उघडी असेल तर ते औषध तिच्यात शिरते आणि चित्र बरेच स्पष्ट होते. त्यात गुडघ्याला सुई टोचावी लागते, म्हणून ती तपासणी सरसकट करायची नाही. तिच्या उत्तरावर पुढचा निर्णय खरोखर अवलंबून असेल, तेव्हाच करायची.

यंत्राआधी हाताने करायची तपासणी मात्र सर्वांनाच लागू आहे, आणि तुमच्या पत्रात ती कोणी केल्याचे दिसत नाही. तुम्ही लिहिता, की दुसऱ्या डॉक्टरांनी अहवाल वाचून निर्णय दिला. त्यांनी गुडघा तपासला का, हे तुम्ही लिहिलेले नाही. शिवलेल्या गादीची जखम भरली की नाही हे ठरवताना तीन गोष्टी पाहण्याचा प्रघात आहे: सांध्यात पाणी आहे का, सांध्याच्या रेषेवर बोटाने दाबल्यावर दुखते का, आणि मॅकमरे यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चाचणीत, म्हणजे गुडघा पूर्ण वाकवून पिळत सरळ करताना, दुखते किंवा खटका बसतो का. या तिन्ही गोष्टी नसतील, तर वैद्यकीय दृष्टीने गुडघा बरा मानला जातो, फिल्म काहीही म्हणो. गादी शिवण्याच्या शस्त्रक्रियेची पहिली ज्ञात नोंद १८८३ सालची आहे. एडिनबरोमध्ये टॉमस अॅनन्डेल नावाच्या सर्जनने एका खाणकामगाराच्या गुडघ्यातली सुटलेली गादी टाके घालून जागेवर बसवली. क्ष-किरणांचा शोध लागायला तेव्हा अजून बारा वर्षे होती, एमआरआय तर दूरच. तो माणूस पुन्हा आपल्या पायांवर नीट उभा राहतो का, यापलीकडे अॅनन्डेल यांच्यापाशी दुसरा निकष नव्हता. वेस्टर्न कोलफील्ड्स या कोळसा कंपनीचे मुख्यालय ज्या शहरात आहे त्या शहरातल्या वाचकांना खाणीत गुडघ्यांवर किती भार पडतो हे वेगळे सांगायला नको.

पाणी आहे का, हे तुम्ही घरीही पाहू शकता. पाय सरळ पसरून बसा आणि मांडी सैल सोडा. वाटीच्या आतल्या बाजूने तळहात खालून वर असा दोन-तीनदा निपटत न्या, म्हणजे तिथले पाणी वर सरकेल. मग वाटीच्या बाहेरच्या बाजूने हात वरून खाली फिरवा आणि आतल्या बाजूच्या खोलगट जागेकडे पाहत राहा. तिथे छोटीशी लाट आल्यासारखा फुगवटा उठला, तर सांध्यात पाणी आहे. दोन्ही गुडघ्यांवर करून पाहिले की फरक कळतो. लांब धावून आल्यानंतर त्या संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, असे दोन वेळा आठवडाभर पाहा आणि तारखेसह लिहून ठेवा. ही वही कोणत्याही सर्जनला तुमच्या फिल्मइतकीच उपयोगी पडेल.

धावल्यानंतर आतल्या बाजूला दुखते, याकडे मी कानाडोळा करत नाही. गादी भरून येऊनही असे दुखू शकते, आणि त्याचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे मांडीचा स्नायू पूर्वीइतका भरलेला नसणे. शिंप्याची टेप घेऊन वाटीच्या वरच्या कडेपासून १५ सेंटीमीटरवर दोन्ही मांड्यांचा घेर मोजा. उजवी मांडी दोन सेंटीमीटर किंवा त्याहून बारीक निघाली, तर तुमची फिजिओथेरपी संपलेली नाही, ती तुम्ही मध्येच थांबवलेली आहे. हे मी जरा कठोरपणे लिहितो आहे, कारण कुबड्या सुटल्या आणि चालणे सुधारले, की आपल्याकडे व्यायाम सुटतो, हे मी वर्षानुवर्षे पाहिलेले आहे. मात्र याच दुखण्यासोबत सूज येऊ लागली, गुडघा अडकू लागला, अचानक दगा देऊ लागला किंवा पूर्ण सरळ होईनासा झाला, तर माझा हा सगळा मजकूर बाजूला ठेवून त्याच आठवड्यात सर्जनला गाठायचे. गुडघा अडकून बसलाच, तर दुसरा दिवसही उजाडू देऊ नका.

आता तुकडा काढून टाकण्याच्या सल्ल्याकडे वळतो. दीड महिन्यात धावायला लागाल, हे त्या डॉक्टरांचे म्हणणे अशक्य कोटीतले नाही. तुकडा काढल्यावर माणूस खरोखर लवकर उठतो आणि त्यातच त्या शस्त्रक्रियेचा मोह आहे. किंमत पुढे मोजावी लागते. गुडघा सरळ असताना सांध्यावरचा निम्मा भार मेनिस्कस पेलतो आणि गुडघा ९० अंशात वाकला, की हे प्रमाण सुमारे ८५ टक्क्यांवर जाते. तो काढला, की तोच भार कूर्चेच्या लहानशा जागेवर येतो. १९४८ साली फेअरबँक या ब्रिटिश सर्जनने गादी काढलेल्या गुडघ्यांचे एक्स-रे तपासून हाडाच्या कडेला आलेली धार, सपाट झालेला सांध्याचा गोलवा आणि कमी झालेले अंतर या खुणांची नोंद केली होती; आजही झिजेच्या या खुणा त्यांच्याच नावाने ओळखल्या जातात. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन अभ्यासात शस्त्रक्रियेनंतर सुमारे नऊ वर्षांनी पाहिले, तर गादी शिवलेल्यांपैकी सुमारे ८१ टक्के रुग्णांच्या एक्स-रेमध्ये झीज वाढलेली नव्हती. गादीचा भाग काढलेल्यांमध्ये हेच प्रमाण ४० टक्के होते. अभ्यास लहान होता आणि कोणाला कोणती शस्त्रक्रिया करायची हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेले नव्हते, म्हणून त्या आकड्यांकडे तेवढ्याच सावधपणे पाहावे. पण दिशा स्पष्ट आहे, आणि तुमचे वय २४ आहे.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. सर्वच टाके यशस्वी होत नाहीत. पाच वर्षांहून अधिक काळ पाठपुरावा केलेल्या रुग्णांचा २०१२ साली जो एकत्रित आढावा घेण्यात आला, त्यात सुमारे २३ टक्के दुरुस्त्या अयशस्वी ठरल्या होत्या, म्हणजे चार-पाच जणांतला एक. बाहेरच्या मेनिस्कसपेक्षा आतल्या मेनिस्कसचे निकाल थोडे उणे असतात, आणि क्रुशिएट लिगामेंटची, म्हणजे गुडघ्याच्या आतल्या अस्थिबंधाची, शस्त्रक्रिया त्याच वेळी झाली असेल तर हाडातून झिरपणाऱ्या रक्तामुळे टाके अधिक चांगले धरतात, असे सामान्यतः आढळते. तुमच्या पत्रावरून तुमचे लिगामेंट शाबूत असावे. शिवाय ‘भरले’ आणि ‘भरले नाही’ यांच्यामध्ये एक तिसरी अवस्था असते. दुर्बिणीने पाहताना फटीची खोली गादीच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्याहून कमी उरली असेल तर पूर्ण भरलेली, निम्म्यापर्यंत असेल तर अर्धवट भरलेली, अशी विभागणी करतात. आणि अर्धवट भरलेल्या कित्येक गाद्या आयुष्यभर काही तक्रार न करता आपले काम करतात. तुमची गादी या मधल्या अवस्थेत असू शकते. समजा ती तशी असली आणि उद्या खरोखर त्रास देऊ लागली, तरी वाट पाहिल्याने फारसे बिघडत नाही: टाके निकामी झाल्यानंतर जो भाग काढावा लागतो, तो बहुतेक वेळा मूळ फाटीच्या वेळी काढावा लागला असता त्याहून मोठा नसतो, आणि काही निवडक गुडघ्यांत दुसऱ्यांदा टाकेही घालता येतात. याउलट, भरत आलेली गादी आज कापून टाकली, तर ती परत बसवता येत नाही.

बाबांची घाई मला समजते. भरतीची जाहिरात कोणासाठी थांबत नाही. त्यांना हे पत्र वाचायला द्या. आईंनाही सांगा, की धावणे सोडण्याची गरज यातून कुठेही निघत नाही.

तुम्ही आता करायचे ते असे. शस्त्रक्रिया झाली त्या रुग्णालयातून शस्त्रक्रियेची सविस्तर नोंद मागून घ्या. डिस्चार्ज कार्डवरची दोन ओळींची नोंद पुरेशी नाही. फाट कोणत्या भागात होती, किती लांब होती, किती टाके पडले, ते आतून बाहेर घातले की पूर्णपणे आतल्या आत, आणि एखादी लहान फाट मुद्दाम तशीच सोडली होती का, हे त्या कागदावर असते. मग जुन्या आणि नव्या एमआरआयच्या सीडी सोबत घेऊन, सर्जन परत आल्यावर त्यांच्याकडेच जा. फिल्म असतील तर त्याही न्या, पण सीडी विसरू नका. कोपऱ्यात घडी पडलेली फिल्म ट्यूबलाइटसमोर धरून टी२ची रेघ ओळखता येत नाही. त्यांचे येणे फार लांबणार असेल, तर धंतोली-रामदासपेठेत गुडघ्याचे तज्ज्ञ थोडे नाहीत, आणि मेडिकल, मेयो किंवा मिहानच्या एम्समधील अस्थिरोग बाह्यरुग्ण विभागातही दुसरे मत घेता येते. जिथे जाल तिथे आधी गुडघा तपासून घ्या, अहवाल नंतर दाखवा. ज्या केंद्रात नवा एमआरआय झाला, तिथे शस्त्रक्रियेची नोंद आणि जुनी सीडी देऊन अहवाल पुन्हा वाचून देण्याची विनंती करायलाही संकोच करू नका. चांगला रेडिओलॉजिस्ट याचा राग मानत नाही. मला तरी कोणी अशी माहिती आणून दिली, की हायसे वाटायचे.

सराव चालू ठेवा, पण थोडा बदलून. पुढचे काही आठवडे सिमेंट रस्त्यांवर धावू नका. आपल्या शहरात ते आता दारापर्यंत आलेले आहेत, तरी सकाळी रेशीमबागेच्या मैदानापर्यंत जाण्याचे कष्ट घ्या. चार-पाच किलोमीटरवर दुखत असेल तर तूर्त तीनवर थांबा, कारण तुम्हाला भरतीत द्यायची आहे ती ८०० मीटर आणि १०० मीटरची धाव, आणि त्यासाठी रोज पाच किलोमीटर धावण्याची गरजच नाही. माझ्या मते तुमच्या गुडघ्याला धावण्यापेक्षा भरतीतल्या गोळाफेकीचा धोका अधिक आहे. तुम्ही उजव्या हाताने गोळा फेकत असाल, तर फेकण्याआधी सगळा भार वाकलेल्या उजव्या गुडघ्यावर येतो आणि त्याच पायावर शरीर पिळते. वाकलेला गुडघा, भार आणि पीळ हे तिन्ही एकत्र आले, की आतल्या गादीच्या मागच्या भागावर, म्हणजे नेमके तुमचे टाके जिथे आहेत तिथे, ताण येतो. म्हणून ते तंत्र फिजिओथेरपिस्टच्या नजरेखाली, आधी गोळ्याशिवाय, हळूहळू बसवा. कबड्डी तूर्त नको. एका पायावर उडी मारून दोन्ही पायांचे अंतर मोजा आणि उजवा पाय डाव्याच्या किमान ९० टक्के येईपर्यंत चढाईचे नाव काढू नका. उकिडवे बसून कपडे धुणे, खोल बैठका आणि वजन घेऊन उठाबशा याही तोवर टाळा. जेवताना काही मिनिटे मांडी घालून बसायला हरकत नाही, पण उठताना पाय पिळून उठू नका.

तुमचा यात संबंध नसेल, तरी मैदानावरच्या मुलांसाठी एक वाक्य लिहून ठेवतो: धूम्रपान करणाऱ्यांमध्ये गादीचे टाके अयशस्वी होण्याचे प्रमाण अधिक आढळते, निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्यातही तेच निकोटीन असते.

आणखी एक. सूज नाही, अडकणे नाही, अशा शिवलेल्या गुडघ्याचा केवळ खात्रीसाठी एमआरआय करू नये, हे तुम्हाला कोणी सांगितले नव्हते, म्हणून त्यात तुमची चूक नाही. पुढे कधी खरोखर करावा लागला, तर तपासणी लिहून देणाऱ्या डॉक्टरांकडून चिठ्ठीवर एवढे लिहून घ्या: ‘उजवा गुडघा. आतील मेनिस्कसच्या बादलीच्या कडीसारख्या फाटीची अमुक तारखेला दुर्बिणीद्वारे टाके घालून दुरुस्ती झालेली आहे. शस्त्रक्रियेपूर्वीची आणि नंतरची सीडी सोबत आहे. टाक्यांच्या रेषेत टी२मध्ये द्रव शिरलेला दिसतो का, तुकडा सरकला आहे का आणि नव्या जागी फाट आहे का, हे जुन्या चित्रांशी ताडून कळवावे.’